कोऱ्या पाठीचं जॅकेट

मामा, मला पडता येत नाही.

एवढं लिहून मी उठले, कुकर बंद केला, आईबाबांना वाढलं आणि परत ओट्याशी आले. वाक्य तिथंच होतं. एरवी मी जे लिहिते ते वाचून संपादक म्हणतात, कळलं नाही पण काहीतरी वेगळं आहे. हे कळण्यासारखं आहे, म्हणूनच लिहायला इतका जीव जाऊन राहिला. ज्याला पडता येत नाही त्याला आयकिडोतलं, तुझ्या त्या जपानी कुस्तीतलं, काय येतं, हे तुला सांगायला नको. आणि तरी मी दर रविवारी सकाळी गोंदियात पोरींना आयकिडो शिकवते. एका शाळेचा हॉल मिळतो. बाजूला राईस मिल आहे, खिडकीतून कोंडा उडून येतो, म्हणून आधी झाडू, मग फोमचे निळे-लाल तुकडे एकात एक अडकवायचे, मग सराव. सोमवार ते शुक्रवार नोकरी खाते. शनिवारी दळण, आईच्या गोळ्या, बाबांचं रिचार्ज, बादलीभर भिजवलेले कपडे. रविवारी दुपारी कोणाचं तरी लग्न, नाही तर मलाच बघायला कोणीतरी येणार. तेव्हा आई म्हणते, "आज तं जाऊ नोको वो, मनगटं हिरवीनिळी दिसतात, लोक काय म्हनतीन." मी तरी जाते. बांगड्या चढवून चहाचा ट्रे धरते तेव्हा मनगटावरचे ते डाग मला दागिन्यासारखे वाटतात. खरं सांगायचं तर मिरवते. पाठीवर मात्र एक डाग नाही. तिकडे कोणी बघत नाही असं मी धरून चालले होते.

मागे एक नवीन बाई यायला लागली. रेल्वेत तिकीट तपासते, बिलासपूरहून बदलून आली, तिकडे बरीच वर्षं हेच शिकलेली. पहिले काही रविवार ती गपगुमान पोरींसोबत कोपऱ्यात सराव करत होती. मग एका रविवारी दाखवायला म्हणून मी तिला समोर बोलावलं. तिने माझं मनगट धरलं, मी वळले, तिला खाली घातलं. काय पडली, मामा! भरलं पोतं थप्पीला बरोबर लागावं तशी, आवाजसुद्धा बेताचा. उठली, पट्टा सारखा केला आणि आपलं मनगट माझ्यापुढे धरलं. "अब आप, दीदी." जिथे जिथे ती शिकली तिथे असंच असणार, एकदा तू, एकदा मी. आता मी धरायचं आणि मी पडायचं. पोरी सराव थांबवून बघायला लागल्या. मॅडम पडत नाहीत हे पोरींना माहीत आहे. का पडत नाहीत ते कोणी विचारलं नाही. मोठ्या लोकांचं असंच असते असं त्यांना वाटत असेल. मी म्हटलं, "मेरी कमर में दर्द है." तोंडातून असं गेलं जसं रोज दुखते. ती लगेच मागे सरकली, "अरे, फिर रहने दीजिए." मग पाण्याच्या बाटलीकडे जाता जाता, काही मनात न ठेवता म्हणाली, "आपका जैकेट पीछे से एकदम नया है, दीदी. हमारा तो दो साल में घिस जाता है."

घरी येऊन मी जॅकेट पलंगावर पालथं घातलं. समोरून बाह्या चिंध्या झालेल्या, पोरींनी धरून धरून. पाठ दुकानातून आणल्यासारखी.

माझ्या कमरेने मग आख्खा मोहल्ला कामाला लावला. आमच्या क्लासची नर्सिंगवाली पोरगी संध्याकाळी मलम घेऊन घरी आली आणि नेमकं आईच्या हातात दिलं, "आंटी, मॅडमची कमर धरली आहे." आईने तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधलं. "पालथी पड." मी पालथी पडले. "इथं दुखते का इथं?" आता कुठं तरी दुखवावं लागणार होतं. मी डाव्या बाजूची एक जागा ठरवली, आणि मग ती लक्षात ठेवावी लागली, कारण आई रोज तिथंच शेकायची. शेजारच्या काकूंनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणलं. सालेकशाचा त्यांचा भाऊ वर्षातून एकदा आणून देतो, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी. बाटली तळाला आली होती. "घे वो बाई, मले कुठं लागते एवढं," म्हणत त्यांनी ती माझ्या उशाशी ठेवली आणि जिना उतरताना कठडा धरून धरून उतरल्या. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आता तरी सोड ती कुस्ती." मी त्या उग्र तेलाच्या वासात पालथी पडून होते. त्या वासात तू आठवला. तुझ्या पाठीला मामी हेच तेल चोळायची. तुझी खरी दुखायची.

मी आठवीत असते. बाबांची बदली झालेली, म्हणून मला शाळेसाठी बिरसीला तुझ्या घरी ठेवतात. मी बॅग घेऊन दारात उभी आहे आणि तू पितळेच्या परातीत माझे पाय धुतोस, पाणी डोक्याला लावतोस. पुढे नागपूरच्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हसायच्या; त्यांच्याकडे भाची मामाच्या पाया पडते. आपल्याकडे उलटं. भाची म्हणजे देवघरातली. तिच्या पाया पडायचं, तिला उष्टं द्यायचं नाही, तिच्यावर हात उगारायचा नाही. मामी लोटा घेऊन बाजूला उभी होती. "धुवा, रोज धुवा आता. शारेत बी डोक्यावर बसवून नेजा." तू म्हणाला, "नेईन. तुह्या काय बापाचं जाते?" आणि मामी हसली तशी मी पण हसले, नवीन घरातलं माझं भेव तिथंच गेलं.

तू तिथल्या विमानतळावर गवत कापायच्या ट्रॅक्टरवर होता. धावपट्टीच्या कडेचं गवत वाढलं की पाखरं बसतात, पाखरं बसली की विमानाला धोका, म्हणून तू वर्षभर कापत राहायचा. पोरांना विमान शिकवायला दक्षिणेकडचे एक सर आले होते, ते संध्याकाळी एकटेच मैदानात आयकिडोचे हातवारे करत फिरायचे. तू ट्रॅक्टर थांबवून पाहिलं. त्यांनी तुला विचारलं, "गिरोगे?" ही गोष्ट तू पाहुण्यांना कितीदा सांगितली. "मी म्हनलो, पगारात हाये का जी ते?" त्यांना पडायला माणूस पाहिजे होता. तू चार पावसाळे पडला. मग ते बदलून गेले, जाताना तुला एक पांढरं जॅकेट देऊन गेले, आणि तुला आयकिडो येत असून सोबतीला कोणी उरलं नाही. तेव्हा मी आले.

धान चुरून झालं की खळ्यात तणशीचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग पडायचा. तू मिलमधून फाटका बारदाना आणायचा, त्यात तणीस कोंबायचा, दाभणाने शिवायचा. त्या आपल्या गाद्या. शनिवारी अर्धी शाळा, घरी येऊन भात खाल्ला की दोघं खळ्यात. रविवारी सकाळी परत, तुझी ड्यूटी नसली तर. वर शिकाऊ पोरांचं विमान घिरट्या घालतंय, उतरलं उतरलं म्हणता परत वर चढतंय. तू माझं मनगट धरतोस, मी वळते, तू पडतोस. उठतोस, धरतोस, पडतोस. केसांत तणशीचा भुगा. प्रत्येक वेळी "वा!" मला वाटायचं माझ्या हातात काहीतरी आहे. एकदा मी म्हटलं, "मामा, आता तू मला पाड." तू माझ्याकडे असं पाहिलं जसं मी जहर मागितलं. "भाचीले पाडू? पाप लागते बाई."

"हे तर शिकणं आहे ना."

"शिकनं तुले लागन. पाप मले."

भिंतीआडून मामी ओरडली, "पाडा जी, पाडा. नरकात मी डबा आनून देईन." पण तू नाही पाडलं. पडायचं कसं ते तू मला नुसतं सांगितलं: हनुवटी आत, श्वास सोडायचा, हाताने जमिनीला थाप द्यायची. आणि स्वतः पडून दाखवलं. मला ते सगळं तोंडपाठ आहे. तेच मी पोरींना सांगते. त्या बिचाऱ्या ऐकून खरंच पडल्या, आपटल्या, शिकल्या. मी सांगत राहिले.

अकरावीतली एक दुपार मी कुठल्याच लिखाणात येऊ दिली नाही. तू धरलेलं, मी वळत होते, आणि मध्येच मला शिंक आली. तणशीची धूळ. माझा हात सुटला. डोळे उघडले तर तू गादीवर पाठीवर, हात आपटलेला, आणि वर बघून म्हणतो, "वा भाचीबाई! काय फेकलं!" मी तुला धरलंच नव्हतं, मामा. तू आपल्या मनाने पडला होता. आणि एकदा ते कळलं की आधीची सगळी पडणी डोळ्यांसमोरून गेली. मी काय केलं? वाकून नमस्कार केला, जसा फेकणाऱ्याने करायचा असतो. मग पुन्हा मनगट पुढे केलं. तुझी पाठ त्या दिवशीही मामीने तेल लावून चोळली, आणि मी बाजूला बसून भूगोल वाचत होते.

तुला ते टोचत होतं, हे मला बारावीनंतर समजलं. मी नागपूरला कॉलेजला निघाले तर तू बॅग एसटीत चढवताना म्हणाला, "तिथं रविवारचा एक क्लास हाये म्हनतात. जाजो." मी म्हटलं, मला काय गरज. तू कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. कंडक्टर वळून पाहायला लागला. "गरज हाये! अर्धंच शिकवलं मी तुले. अर्धं मले जमत नाई. तिथं जा. तिथं कोनी तुजा मामा नाई." मग स्वतःच घाबरला, भर स्टँडवर वाकून माझ्या पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक पाहत होते म्हणून, दुसरं काही नाही. मी पाय मागे घेतला.

दर रविवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा. जेवली का नाही, पैसे आहेत का नाही, हे मामी विचारायची. तू एकच विचारायचा. "पडली का?"

"नाही मामा, परीक्षा आहे."

"नाही मामा, रूममेटचा वाढदिवस होता."

"कपडे धुवायचे होते."

"बरं. पुढच्या रविवारी पडजो."

तो क्लास हॉस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. एकदा मी दारापर्यंत गेले होते. आत नवीन पोरं एका रांगेत बसली होती आणि उठून-पडून, उठून-पडून घाम काढत होती. मी इतकी वर्षं शिकलेली, मला पण त्या रांगेच्या शेवटी बसवतील असं दिसलं. मी तिथूनच वळले आणि कोपऱ्यावर समोसा खाल्ला. त्याच थंडीत तू गेला. झोपेतच. तेरवीला रीतीप्रमाणे मला आधी वाढलं, पाटावर बसवलं, भाचीला द्यायचं ते ताटात घालून दिलं. मामीने त्या ताटात तुझं जॅकेट घडी करून ठेवलं होतं. खांद्यापाशी, पाठीवर ते इतकं विरलेलं की मामीने आतून तुझ्या धोतराचं ठिगळ लावलेलं, आणि ते ठिगळ पण विरलेलं. मला ते मोठं होतं. मी कपाटात ठेवलं आणि माझं स्वतःचं नवीन घेतलं.

तर परवा शनिवारी मी दळण टाकून तशीच स्कूटीने बिरसीला गेले. मामी अंगणात लाखोरीची भाजी निवडत बसली होती. मला पाहून उठली, गुडघ्यावर हात ठेवून ठेवून वाकली. "मामी, नको ना, तुझे गुडघे."

"गुडघे माझे, भाची माझी. तुले काय करायचं हाये?" पाया पडून झाल्यावर म्हणाली, "तुज्या मायचा फोन आला होता. कमर कशी हाये?"

मी भाजीच्या काड्या वेगळ्या करत करत तिला सगळं सांगितलं. कमर, मीठ, तेल, जॅकेट. शिंकसुद्धा. ती निवडत राहिली. मला वाटलं रागावली. मग बोलली. "तुजा मामा ना, तू बारावीत होती तवा, तुज्या उंचीचं एक पोतं शिवून बसला होता. तणीस भरून. त्याले तुजी जुनी ओढणी बांधे. तू शारेत गेली का खळ्यात घेऊन जाये त्याले. मी म्हनलं, काय लावलं जी हे? म्हने, भाचीले कसं पाडाचं ते पाहून राहिलो, लागाले नाई पायजे तिले." तिने पदराने तोंड पुसलं, हसू होतं का काय ते मला दिसलं नाही. "पोतं हळू पाडे. मंग त्या पोत्याच्या पाया पडे. मी भिंतीआडून पाहो. लय दिवस केलं. मंग एक दिवस ओढणी सोडून आनली, घडी केली, म्हने, नाई होत माझ्यानं."

मी हातातली काडी खाली ठेवली. म्हटलं, "मामी, तू पाड मला. आत्ता. खळ्यात तणीस आहे."

"मी? बाप्पा! तुज्या ताटात मी आजवर उष्टा चमचा नाई घातला." तिने भाजीची टोपली माझ्या मांडीवर ठेवली. "जिची तू भाची नाई तिच्याकडे जा."

काल रविवार. मी गेले. झाडू मारला, फोम जोडला, आणि पोरी वॉर्मअप करत होत्या तोवर त्या रेल्वेवाल्या बाईंजवळ जाऊन म्हटलं, "आज मुझे गिराइए." त्यांनी पट्टा सारखा केला. मनगट पुढे केलं. मी धरलं. त्या वळल्या, आणि मामा, जमीन मी म्हणते तशी येत नाही. मी पोरींना सांगते ती येते, तिला भेटायचं. ती येत नाही. तुमच्याखालून सगळं निघून जातं, बस. हनुवटी, श्वास, थाप, एक गोष्ट आठवली नाही. मी त्यांची बाही दोन्ही हातांनी धरली आणि बादली विहिरीत पडावी तशी उजव्या कुल्ल्यावर आदळले. फोमचे दोन तुकडे एकमेकांपासून सुटले. तोंडातून "आई गं" निघालं, तेही मोठ्याने.

आता सांगायची वेळ होती. मी सांगणारच होते. खाली बसल्या बसल्या तोंड उघडलं होतं मी, की पोरींनो, मला पडता येत नाही, मी तुम्हाला जे शिकवलं ते मी कधी केलेलं नाही. तेवढ्यात नर्सिंगवाली ओरडली, "मॅडम! कमर!" आणि दुसरी म्हणाली, "इतना दर्द है फिर भी गिरीं." आणि कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. एका पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, मामा, माझ्या हिमतीचं. रेल्वेवाल्या बाईंनी टाळ्या नाही वाजवल्या. ज्याने फेकलेलं असतं त्याला कळतं. त्या वाकल्या, मला हात दिला, आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "ठोड़ी अंदर, दीदी. और कपड़ा मत पकड़िए." मी उठले. टाळ्या चालूच होत्या. मी वाकून नमस्कार केला.

हे कुठे पाठवायचं नाही. तुझ्या जॅकेटच्या घडीत ठेवलं तर आई शोधून वाचेल, म्हणून तिथंही नाही. कमर आता खरंच दुखते आहे, उजवीकडे, बसवत नाही, हे उभ्याने ओट्याशी लिहून राहिली आहे. काल दुपारी आईने परत मीठ गरम केलं, फडकं बांधलं, मला पालथी पाडलं आणि विचारलं, "कुठं वो?" मी डावीकडची जुनीच जागा दाखवली.